किती शांत झाली ग्रेटा

४ ऑक्टोबर १९८८, मंगळवार

ड्वेन,

दवाखान्यात तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुझ्या बायकोनं उचलला आणि "डॉक्टर पेशंटजवळ आहेत" म्हणून ठेवून दिला. डॉक्टर! चड्डीत मुंगळा शिरला म्हणून अख्ख्या गल्लीत बोंबलत पळालेल्या माझ्या भावाला लव्हॉन माझ्यापुढे डॉक्टर म्हणते. तिला सांग, मला हसू आलं, आणि हसण्यासारखा प्रसंग नव्हता.

म्हणून हे पत्र. घरच्या पत्त्यावर पाठवतेय, वर 'खाजगी' लिहिलंय. तरीही आधी लव्हॉननंच फोडलं असेल तर लव्हॉन, तूही वाच. तुलाही दोन मुलं आहेत.

शेरिल टीगनच्या कोडीबद्दल लिहितेय. सात महिन्यांचं बाळ, आठवड्यातून तीनदा तुझ्या मणके बसवायच्या टेबलावर असतं. परवा रविवारी मी गावात आले होते, आईच्या नावानं चर्चमध्ये फुलं ठेवायला. नंतर तळघरात जेवण होतं. मी भाजलेले बटाटे वाढत होते आणि शेरिल समोर बसली होती. बाळ नुकतंच झोपेतून उठलं होतं. त्यानं एकदम मान छातीवर टाकली, दोन्ही हात बाजूला फेकले, मग ते सैल पडलं. पाच-सात सेकंदांनी परत तसंच. मग परत. मी मोजलं, अकरा वेळा. मग ते रडायला लागलं. बायका म्हणाल्या, "अगं बाई, किती दचकरं आहे हे!" आणि सगळ्याजणी गोडाच्या टेबलाकडे वळल्या.

ते दचकणं नाही, ड्वेन. लहान बाळाची आकडी आहे ती. आठवडे वाया जातात तसतसा मेंदू हातचा जातो. मला चार वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं नव्हतं. आता मी तुला सांगतेय.

मी शेरिलला तिथेच म्हटलं, "बाई गं, याला उद्याच्या उद्या आयोवा सिटीच्या मोठ्या इस्पितळात ने. मेंदूचा आलेख काढायला सांग." तर ती हसून म्हणाली, "तू जोलीन ना? ग्रेटाची आई? तुझ्या ग्रेटालापण हेच होतं की! दवाखान्याच्या भिंतीवर वाचलंय मी. डॉक्टर ड्वेननी बारा खेपांत बरं केलं ना तिला?"

ती गावात नवी आहे. ग्रेटाला तिनं कधी पाहिलेलं नाही, मी इथे वरच्या गावात राहायला आल्यापासून तुमच्यापैकीही कुणी पाहिलेलं नाही. टेबलाभोवतीच्या बाकी सगळ्यांना मात्र ग्रेटा माहीत आहे. मी एकेकीकडे बघितलं. सगळ्या मूग गिळून बसल्या होत्या, मिसेस हॉर्नबीसुद्धा, जिनं ग्रेटाच्या चाकांच्या खुर्चीसाठी लोकरीचं पांघरूण विणून पाठवलंय.

शेरिल तुझं ऐकते. तू सांग. इस्पितळात ने म्हण, एवढंच. तासाभराचा रस्ता आहे. या आठवड्यात, ड्वेन.

जोलीन


११ ऑक्टोबर, मंगळवार

ड्वेन,

उत्तर आलं. तुझं नाही, लव्हॉनचं. कबुतराचं चित्र असलेलं कार्ड. 'तुझ्या मनातली कटुता प्रभूच्या चरणी ठेव, आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतो.' आणि पाकिटात सोबत काय, तर दवाखान्याचं पत्रक! 'मुलांच्या मणक्यांची मोफत तपासणी, दर शनिवारी दहा ते बारा. नसा मोकळ्या तर मूल निरोगी. पॅनकेकचा नाश्ता.' हे पत्रक तिनं मला पाठवलं. माझ्या घरी. चुकून गेलं असेल, गठ्ठ्यातलं एक चिकटलं असेल, असं वेस म्हणतो. माझा नवरा देवमाणूस आहे, त्याला सगळं चुकूनच झालेलं वाटतं.

कोडीबद्दल एक अक्षर नाही.

मला माहीत आहे तुमच्या घरात काय चाललं असेल, मी त्याच घरात वाढलेय. दारात शिरल्या शिरल्या आजोबांचा तो फोटो. १९१९ साल, परवाना नसताना लोकांचे मणके बसवले म्हणून न्यायाधीश म्हणाला दंड भर नाहीतर साठ दिवस आत जा, आणि आजोबा आत गेले. गजांपलीकडे लोक पाठ करून रांगेत उभे राहायचे आणि आजोबा गजांतून हात घालून मणके बसवायचे. दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापायच्या आधी डॅडी ही गोष्ट सांगणार आणि आपण ताटं गार होईपर्यंत ऐकणार. आपल्या घरात औषधाची एक गोळी नव्हती. जन्मल्यावर आईच्या दुधाआधी डॅडींची बोटं आपल्या मानेला लागली. ताप आला, पालथं झोप. कान दुखला, पालथं झोप. परीक्षेत नापास झालास तेव्हाही तुला पालथंच झोपवलं होतं.

आणि पाठी बऱ्या व्हायच्या, तेही मी नाकारत नाही. वाकून आलेले लोक ताठ होऊन जाताना मी काउंटरवर बसून नऊ वर्षं पाहिलेत. माझी कंबर धरली तर आजही मला डॅडींचेच हात आठवतात. पण पाठ वेगळी आणि सहा महिन्यांच्या बाळाचा मेंदू वेगळा, हे कळायला काय कॉलेजात जावं लागतं?

ग्रेटाचे झटके ऑक्टोबरात सुरू झाले. चौऱ्याऐंशी साली, हेच दिवस होते. तू मानेला बोट लावलंस आणि म्हणालास, वरचा मणका सरकलाय, नस दबलीय, जन्मताना ओढ बसली असणार. मी म्हटलं बरं. आठवड्यात झटके दुप्पट झाले. मी घाबरून डॅडींकडे धावले, तर डॅडींचा चेहरा उजळला! आठवतं? "शाब्बास! परतीची वाट धरली पोरीनं." दुखणं ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं परत जातं, म्हणून बरं होण्याआधी वाढतं. आपल्या घरात हे बाराखडीसारखं शिकवलेलं. बाकी जगातली आई मूल जास्त आजारी झालं की दार ठोठावत फिरते. मी केक केला. खरंच केला, दालचिनी घालून, आणि तू दोन तुकडे खाल्लेस.

मग तिचे झटके रोज साठ झाले आणि आपण सगळे खूश होतो.

तिला इस्पितळात मी नेलं नाही. वेसनं नेलं, मार्चमध्ये, मी दवाखान्यात कामाला असताना, मला न सांगता. घरी आल्यावर पाळणा रिकामा दिसला. इस्पितळातून त्याचा फोन आला तेव्हा मी त्याला काय म्हणाले हे त्यानं आजवर एकदाही काढलं नाही. मी म्हणाले, "तू माझ्या बापाशी दगा केलास." तिकडे इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, "किती दिवस झाले?" वेस म्हणाला, "पाच महिने." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही, असं त्यानं मला नंतर सांगितलं.

कोडीला अजून एक महिनाही झालेला नाही. शेरिलनंच सांगितलं, झटके सप्टेंबरच्या शेवटी सुरू झाले. एक महिना आणि पाच महिने यातला फरक बघायचा असेल तर माझ्या स्वयंपाकघरात ये.

जोलीन


१४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल मी शेरिलच्या घरी गेले. तुला कळलंच असेल, पण तिच्या तोंडून कळलं असेल. आता माझ्या तोंडून ऐक.

तिनं दार उघडलं, कॉफी दिली, मुलगी वाईट नाही. बावीस-तेवीसची असेल. नवरा मक्याच्या कारखान्यात पाळीवर. मला म्हणाली, "डॉक्टर ड्वेननी सांगितलंय, तुमचं घरात काही बिनसलंय. म्हणून तू असं बोलतेस. राग मानू नकोस हं, पण घरोघरी असतंच."

मी म्हटलं, "बिनसलंय ते याच्याचवरून."

"पण ते पत्र तर तुझ्याच अक्षरात आहे! तू खाली सही केलीयस. फोटो, त्याखाली रेघेचा कागद, त्याखाली तुझं पत्र. मी पाठ केलंय. 'बारा खेपांत ग्रेटाचं दचकणं गेलं. आता ती किती शांत झाली आहे.' खोटं आहे का ते?"

ड्वेन, चार वर्षं मी लोकांना सांगत आलेय की भावानं माझ्या मुलीचं वाटोळं केलं. भिंतीवर माझंच अक्षर आहे हे मी वेसलासुद्धा सांगितलेलं नाही.

तर आता सगळं लिहिते. तुला माहीत नसलेलंही.

डिसेंबरात मध्येच दहा दिवस झटके थांबले होते. का थांबले कुणाला ठाऊक, डॉक्टरीणबाई म्हणतात कधीकधी थांबतात. तू म्हणालास, भिंतीसाठी दोन ओळी लिही, इतर आयांना धीर येईल. त्याआधी रेघ काढायला हवी होती. ते मानेवरून फिरवायचं दोन दांड्यांचं यंत्र, डावी-उजवीकडची ऊब मोजून कागदावर रेघ मारणारं. रेघ सरळ आली की नसा मोकळ्या, वाकडी आली की मणका सरकलेला. नऊ वर्षं ते यंत्र मी चालवलं. जरा जोर दिला, जरा तिरकं धरलं, बाळाची मान एका बाजूनं उशीला टेकून गरम झाली असली, की रेघ हवी तशी नाचते. पहिल्यांदा आलेल्या आयांच्या मुलांची रेघ मी बिनदिक्कत नाचू द्यायची. बाराव्या खेपेला हात हलका ठेवायचे. तू कधी असं कर म्हणाला नाहीस. मला कधी सांगावं लागलंच नाही.

ग्रेटाची रेघ पाच वेळा वाकडी आली. सहाव्यांदा सरळ आली. पाच कागद मी फाडून कॉफीच्या चोथ्याखाली टाकले आणि सहावा भिंतीवर लावला.

आणि पत्रातलं ते 'शांत'. ती शांत झाली होती हे खरं आहे. आठवडाभर हसली नव्हती. मी झुंबराच्या काचा हलवल्या, बघितलं नाही. तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं, माझ्यातून पलीकडे बघत राहिली. मला ते खटकलं होतं, ड्वेन. तरीही मी पेन घेऊन बसले आणि लिहिलं की किती शांत झाली. डॅडींनी वाचून माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

हे सगळं मी काल शेरिलला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. कॉफी पिऊन उठले.

निघताना ती दारात म्हणाली, "आणि झटके वाढलेत तरी काळजी नाही हं. मंगळवारपासून रोज तीस-तीस होतात. डॉक्टर ड्वेन म्हणाले, चांगलं लक्षण आहे. परतीची वाट धरलीय म्हणे." चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता तिच्या.

हे तू मंगळवारी म्हणालास. माझं पहिलं पत्र हातात पडल्यावर. ग्रेटाचं काय झालं हे ठाऊक असताना तू परत तेच वाक्य दुसऱ्या आईला सांगितलंस. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण इथे सुंभ माझा जळला, तुमचा पीळ शाबूत आहे.

उद्या शनिवार आहे. पॅनकेक मलाही आवडतात. मी येतेय.

जोलीन


१५ ऑक्टोबर, शनिवार

तू तिथेच होतास, मग लिहून काय सांगायचं, असं म्हणशील. तू सगळा वेळ जमिनीकडे बघत होतास, ड्वेन. म्हणून सांगते.

मी ग्रेटाला घेऊन आले. वेस कामावर होता, त्याला सांगितलं नाही. तो नदीच्या बंधाऱ्याच्या दरवाज्यातून मालवाहू बार्जा पुढे सोडत होता आणि मी त्याच्या मुलीला पुरावा म्हणून खुर्चीत बांधून तीस मैल नेत होते. वाटेत दोनदा गाडी वळवावीशी वाटली. हे मी त्याला आज सांगितलं आणि तो अजून माझ्याशी बोललेला नाही. बरोबर आहे त्याचं.

दवाखान्यात आठ-नऊ आया होत्या, पोरं पाकाने बरबटलेली. डॅडी झारा घेऊन तव्यापाशी, ॲप्रन बांधून, सत्तर वर्षांचे. मला बघून आधी खूश झाले, हे मी विसरणार नाही. "अगं, जोलीन!" म्हणाले. मग खुर्ची पाहिली.

शेरिल पुढे आली. ग्रेटाच्या डोळ्यांसमोर तिनं हात हलवला, अगदी हळू. "ही ग्रेटा?" म्हणाली. "फोटोतली?"

"हो."

"पण बरी झाली म्हणाले होते ना…"

तू म्हणालास, "शेरिल, प्रत्येक मूल वेगळं असतं." एवढंच तुला सुचलं.

मी म्हटलं, "या भिंतीवरचं पत्र मी लिहिलंय. ते खरं नाही. ही साडेचार वर्षांची आहे. हिला भरवावं लागतं. ही मला ओळखते की नाही, मला ठाऊक नाही."

डॅडी म्हणाले, "तमाशा करू नकोस, पोरी. लेकरं जेवताहेत."

"हीसुद्धा लेकरूच आहे, डॅडी."

"तुझे आजोबा साठ दिवस तुरुंगात काढून आले ते याच्यासाठी? या लोकांच्या देखत घराण्याला काळं फासायला?"

"आजोबा स्वतःच्या पायांनी आत गेले. त्यांना निवड होती, दंड की तुरुंग. ग्रेटाला कुणी विचारलं होतं?"

तव्यावरचा पॅनकेक करपला, वास आला. डॅडी झारा ठेवून माझ्याकडे आले. मला वाटलं मारतात आता. तर ते ग्रेटापुढे वाकले, डोळे भरलेले, आणि सवयीनं त्यांची दोन बोटं तिच्या मानेकडे गेली. वरचा मणका चाचपायला.

मी त्यांच्या हातावर मारलं. चट्टदिशी आवाज झाला. आयुष्यात कधी डॅडींना उलट बोलले नव्हते, आणि आज हात उचलला. मला त्याचा पश्चात्ताप होईल म्हणून वाट बघतेय. दुपारपासून बघतेय, अजून झालेला नाही.

शेरिल कोडीला उचलून बाहेर गेली. मी तिच्यामागे धावले. गाडीपाशी ती रडत होती, पण माझ्यावर भडकली होती. "तू तेव्हा खोटं लिहिलंस की आता खोटं बोलतेस? मला कसं कळायचं? दोन्ही वेळा तूच!" असं म्हणून गेली.

तिचं चुकलं का? एकदा खोटी सही केलेल्या बाईवर कोण विश्वास ठेवेल? माझा शब्द मीच मातीत घातलाय. कोडीला वाचवायला माझ्याकडे काही उरलेलं नाही. आता फक्त तुझा शब्द आहे. ती तुझं ऐकेल, आत्ता, या घडीलाही. माझ्यावर हवा तेवढा चिडून राहा. वाटल्यास सांग लोकांना की बहीण वेडी झालीय. पण तिला एक फोन कर.

जोलीन


२४ ऑक्टोबर, सोमवार

ड्वेन,

शनिवारी तुझा फोन आला तेव्हा मी ग्रेटाला आंघोळ घालत होते. वेसनं फोन धरला आणि "तुझा भाऊ" म्हणून माझ्या हातात देऊन अंगणात निघून गेला.

तू सांगितलंस ते सगळं मी नीट ऐकलं. सोमवारी दवाखाना बंद ठेवलास. शेरिलला आणि कोडीला स्वतःच्या गाडीतून आयोवा सिटीला नेलंस. डॅडी दारात आडवे उभे राहिले आणि तू त्यांना बाजूला केलंस. आलेख काढला, तेच निघालं. सुया त्याच दिवशी सुरू झाल्या, आणि शुक्रवारी अख्ख्या दिवसात एकही झटका आला नाही. डॉक्टर म्हणाले, खात्री देत नाही पण वेळेत आणलंत.

वेळेत आणलंत. हे शब्द ऐकून मी आंघोळीच्या टबाच्या काठावर बसले. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तो पोरगा हसेल, शेरिलकडे बघून हसेल. आणि त्याच क्षणी तुझा गळा धरावासा वाटला. पंचावन्न मिनिटं लागली म्हणालास ना, जायला? तू स्वतःच सांगितलंस, मी विचारलं नव्हतं. म्हणजे गाडी सुरू होत होती तर. रस्ता होता तर. डॅडींना बाजूला करता येत होतं तर. परक्या बाईच्या मुलासाठी येत होतं.

मला तिथेच फोन ठेवू द्यायला हवा होतास. पण तू म्हणालास, "थांब, जोलीन. अजून एक आहे."

तू म्हणालास, ग्रेटाच्या वेळी, डिसेंबरात, तू डेव्हनपोर्टच्या वाचनालयात गेला होतास. एकटा. लहान मुलांच्या आजारांचं पुस्तक काढलंस. त्यात अगदी तसंच बाळ होतं, मान छातीवर, हात फेकलेले, चार चित्रं ओळीनं. आणि खाली लिहिलं होतं, ताबडतोब उपचार करावा. तू पुस्तक मिटलंस आणि घरी आलास. "मग?" मी विचारलं. तू म्हणालास, "मग दहा दिवस झटके थांबले. मला वाटलं, मीच चुकलो. आणि डॅडी इतके खूश होते."

झटके परत सुरू झाले तेव्हा, ड्वेन? जानेवारीत? फेब्रुवारीत? तेव्हाही तुझ्या डोक्यात ती चार चित्रं होती. रोज तिला पालथं घालताना होती.

तू फोनवर रडलास. मी रडले नाही. तुला सोपं जावं म्हणून रडायची माझी तयारी नाही.

आता ऐक. माझ्यापुरतं म्हणशील तर मी पाच कागद फाडलेत, माझं तोंड तुझ्यापेक्षा फार उजळ नाही. मी न बघता आंधळी राहिले, तू बघूनही आंधळा राहिलास. हा हिशेब आपल्या दोघांत आपण मरेपर्यंत करत राहू. पण वेसचं काय? फेब्रुवारीत आपल्या मागच्या पायऱ्यांवर त्यानं तुला विचारलं होतं. मला हे तो दरवर्षी एकदा सांगतो, तिच्या वाढदिवसाच्या आसपास. त्यानं विचारलं, "ड्वेन, खरं सांग, ही आकडी तर नाही ना?" आणि तू त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "छे रे, वेस. आकडी असती तर मला कळली नसती?"

तुझं ऐकून तो आणखी एक महिना थांबला. तो महिना त्याच्या छातीवर बसलाय. चार वर्षं तो स्वतःला शिव्या घालतोय की मला आधीच शंका आली होती, तरी मी का थांबलो, मी कसला बाप. ग्रेटाला खुर्चीतून उचलताना दर वेळी तिला "सॉरी, बेटा" म्हणतो. त्याला वाटतं मला ऐकू येत नाही.

येत्या रविवारी दुपारी एक वाजता तो घरी असेल. ये. लव्हॉनला आणू नकोस, डॅडींना आणू नकोस, काही खायला आणू नकोस. जेवायला बोलवत नाहीये. वेससमोर बस आणि मला फोनवर सांगितलंस ते त्याला सांग. वाचनालयाचं सांग, चित्रांचं सांग, आणि मग सांग की त्यानं पायऱ्यांवर विचारलं तेव्हा तुला माहीत होतं.

हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते तुझं काम आहे. तू आला नाहीस तर पुढच्या रविवारी मी त्याला घेऊन तुझ्या दारात उभी राहीन, आणि त्यानं काय करावं हे त्याला शिकवणार नाही.

जोलीन